लीलाबाई आणि माझे प्रश्न

लीलाबाईंना प्रश्न विचारला की त्या हातातला कप खाली ठेवत, पदर सारखा करत आणि म्हणत, "अखीन एकदा सांगा, भाऊ." त्यांना कमी ऐकू येई असं मुळीच नाही. ही त्यांची पद्धतच होती. पहिल्यांदा विचारताना जो प्रश्न मला मोठा बिनतोड वाटे, तोच दुसऱ्यांदा विचारताना निम्मा ढिला पडलेला असे. माझी सगळी नोकरी वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली. पाळी बदलताना आधीच्या माणसाची उलटतपासणी घेतल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही, ही तिथली शिस्त. तेव्हा प्रश्न विचारण्यात मी कोणाला हार जाणारा नव्हतो. पण ऊर्जानगरच्या माझ्या क्वार्टरमध्ये, सोफ्याच्या अगदी कडेला बसलेल्या या बाईंसमोर मला माझाच आवाज नको इतका ऐकू यायला लागे.

लीलाबाई नागभीडजवळच्या एका खेड्यात अंगणवाडी चालवत. बांधा बारीक, केस लवकर पांढरे झालेले, पायात रबरी चपला. लहानपणी त्यांच्या गावात कोणी बहाई शिक्षिका राहायला आल्या होत्या, त्यांच्या संगतीने या घरात तो धर्म आला. नवरा तरुणपणीच गेला. एकुलता एक मुलगा नितीन ब्रह्मपुरीच्या कॉलेजात शिकवत होता, आणि त्याच कॉलेजात माझी मुलगी वैशाली शिकवत होती. पुढचं सांगायला नकोच.

पण पुढचं थोडं वेगळं होतं. कोर्टात जाऊन सह्या करायला वैशाली तयार होती. नितीन नव्हता. त्यांच्यात म्हणे लग्नाला एक अट असते. मुलामुलीने एकमेकांना पसंत केलं की दोघांच्या हयात असलेल्या सगळ्या आईवडिलांचा होकार लागतो, मग ते आईवडील बहाई असोत की नसोत. तो राजीखुशीने दिलेला लागतो, आणि कोणी नकार दिला तर का दिला म्हणून त्याला धारेवर धरता येत नाही. लीलाबाईंचा होकार होता. आमच्या सुमनने तर पहिल्याच दिवशी, मुलाचा फोटो बघूनच, हो म्हणून टाकलं. राहिलो मी.

मी नाही म्हटलं नाही. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती, आणि कॉलनीत माझं नाव सुधारक माणूस म्हणून. वाचनालयात अंधश्रद्धेवर भाषणं ठोकलेली. मी म्हटलं, मला या धर्माची काहीच माहिती नाही, आधी समजून तर घेऊ. हे ऐकून वैशाली खूश झाली. नितीन म्हणाला, आईला पाठवतो, ती नीट सांगेल. आणि लीलाबाई महिन्या-दीड महिन्यातून एकदा पॅसेंजरने चंद्रपूरला आणि तिथून ऑटोने आमच्याकडे यायला लागल्या.

मी काय काय विचारलं! तुमच्यात मूर्ती नाही, पुजारी नाही, मग लग्न कोण लावतं? तर दोघं आपलं आपणच लावतात, साक्षीला माणसं असली की झालं. माझ्या मुलीला धर्म बदलावा लागेल का? नाही. दिवाळीला ती आमच्याकडे येऊन लक्ष्मीपूजन करेल, चालेल? न चालायला काय झालं. नातवंडं कोणाची? पंधरा वर्षांची झाली की त्यांची ती ठरवतील. दारू? नाही. माणूस गेल्यावर जाळता की पुरता? पुरतो. प्रत्येक उत्तर साधं, आणि जे येत नसे त्याला, "मले मालूम नाई, पुसून सांगीन." पुढच्या खेपेला पायरी चढता चढताच त्या ते उत्तर सांगून टाकत, म्हणजे मग चहा निवांत घेता येई.

एकदा मी माझ्या मते हुकमी पत्ता टाकला. राम खरा, कृष्ण खरा, बुद्ध, येशू, पैगंबर सगळेच खरे म्हणता, मग आणखी नवा कशाला हवा होता? त्यांनी मला तो प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला लावला आणि म्हणाल्या, "मी पोरायले अ-आ शिकवून झेडपीच्या शाळेत पाठवतो. पुढचं तिथचे गुरुजी शिकवतात. त्यायनं कधी म्हटलं नाई का अंगणवाडीतल्या बाईनं खोटं शिकवलं म्हून." आणि वर, "अना पोट्टे बी मले विसरले नाई. रस्त्यानं दिसले का नमस्ते करतात." सुमन हसली. मला हसू आलं नाही, मी पुढचा प्रश्न शोधत होतो.

मार्चमध्ये त्यांचे एकोणीस दिवसांचे उपास असतात. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. हे मला माहीत होतं, कारण मीच विचारलेलं. तरी त्या दिवसांत त्यांना मी बोलावलं. चंद्रपूरचा मार्च, बाहेर भट्टी, कूलर नुसती गरम हवा फेकणारा. मी पुनर्जन्मावर अडून बसलो होतो. बोलता बोलता त्यांचे ओठ कोरडे पडत, त्या जीभ फिरवत आणि पुन्हा सांगू लागत. सुमनने मला आत बोलावून घेतलं आणि म्हणाली, त्यांच्या तोंडाला कोरड पडली आहे आणि तुमचं आपलं चालूच, माणूस आहात की कोण? मी बाहेर येऊन आणखी एक प्रश्न विचारला. दिवस मावळल्यावर त्या तांब्याभर पाणी सावकाश प्यायल्या आणि माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पुरं केलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात त्यांनी मला एकदाच आणि अगदी हळूच पकडलं. सुमन आत होती. माझं आत्म्याविषयी काहीतरी चाललं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊ, इतकं सारं विचारलं. माहा बाप काय करे, ते नाई विचारलं."

मग त्यांनीच सांगितलं.

"तलावात जाळं टाके. माहा भाऊ अजूनही टाकते. तुमच्या मनात तेच असंन तर तेच विचारा. देवाले काऊन मधात घेता?"

छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही, असं मी म्हणालो. इतक्या घाईने म्हणालो की माझं मलाच कळलं. गोंडपिपरीला माझा मोठा भाऊ, शेतीवाडी, चार गावांत सोयरीक. मासे धरणाऱ्याच्या घरी मुलगी दिली हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, हाच माझा एकमेव प्रश्न होता. बाकी सगळा देवधर्म मी त्याच्यावर पांघरूण म्हणून घातला होता. लीलाबाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी कप उचलला. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी आत्म्याचं पुढे चालू केलं.

दुसरा मार्च आला. त्या आल्या, आणि सुमनने उपास असेल म्हणून त्यांच्यापुरता चहा टाकला नाही, तर त्यांनीच मागून घेतला. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "काय लीलाबाई, यंदा सूट?" त्या म्हणाल्या, "हो भाऊ, यंदा सूट हाय," आणि बशीत चहा ओतला. आजारी माणसाला त्यांच्या उपासातून सूट असते. हेही मीच मागच्या वर्षी विचारून घेतलं होतं, बाळंतीण, लांबचे प्रवासी, म्हातारे आणि आजारी. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलंसुद्धा नाही. इतके प्रश्न विचारणाऱ्या माणसाने त्यांना काय झालं आहे, एवढं विचारलं नाही.

त्यानंतर त्यांच्या फेऱ्या कमी झाल्या. ऑक्टोबरात एका संध्याकाळी वैशालीचा फोन आला. नितीनच्या आईंच्या पोटात गाठ आहे, नागपूरच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, बाबांना सांगू नका. वैशाली रडत नव्हती, ती फक्त सांगत होती, आणि ते मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. धरून मी मूल आणि सिंदेवाही या गावांवरून नागभीडला उतरलो. वाटेत सगळीकडे धान पिवळं पडत आलं होतं. होकार देऊन टाकायचा, एवढंच मनात घोकत होतो.

लीलाबाई खाटेवर होत्या. हाताच्या काड्या झालेल्या. नितीन कॉलेजात गेलेला, त्यांचा भाऊ तलावावर, घरात आम्ही दोघंच. मी बसलो, पाणी प्यायलो आणि एका दमात सांगून टाकलं की माझी परवानगी आहे, लग्नाची तारीख काढा, लवकरातली काढा.

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी पाहिला. मग त्यांनी विचारलं, "मी बिमार हाव म्हून कोनं सांगतलं तुमाले?"

"वैशालीनं. काल."

त्या म्हणाल्या, "मंग हे पोरीसाठी नाई झालं, भाऊ. हे माह्या बिमारीसाठी झालं."

मी म्हटलं, तसं नाही, मनापासून सांगतोय. त्यांनी मान हलवली, ती खोटं पाडायला नव्हे, लहान मुलाला समजावताना हलवतात तशी. "मी गेल्यावर तुमी नितीनकडे पाहासान अना मनात येईन, या बाईनं मरता मरता माह्याकडून कबूल करून घेतलं. पोरीले असं नाई द्याचं. घरी जा. आरामानं विचार करा. मन भरलं का या. मी नसली तरी नितीन हाय." आणि मी तसाच बसून राहिलेला पाहून, "मले तुमचा नकार बी चालला असता. खरा पाह्यजे होता."

त्यांच्या धर्मात असं कुठेही नाही. नंतर मी चौकशी केली. आईबापाने कोणत्या का कारणाने असेना, हो म्हटलं की हो. ही अट लीलाबाईंची स्वतःची होती. मी आग्रह करू शकत होतो. संध्याकाळपर्यंत थांबून नितीनला सांगू शकत होतो, फोन लावून वैशालीला सांगू शकत होतो. मी उठलो, त्यांना नमस्कार केला आणि बस स्टँडवर आलो. आणि गाडी सुटल्यावर, सिंदेवाहीच्या जंगलात गार वारं लागायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला हलकं वाटत आहे. भावाला सांगायचं आणखी काही दिवस टळलं होतं. त्या बाईंनी मला बरोबर ओळखलं होतं.

धानाची कापणी चालू असताना लीलाबाई गेल्या. सुमन, वैशाली आणि मी पोचलो तेव्हा त्यांना पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेलं होतं. गावाबाहेर खड्डा खणला होता. सगळे उभे राहिले, एका बाईने मृतासाठीची प्रार्थना म्हटली, बाकीचे गप्प. मीही रांगेत उभा होतो. नितीनने पहिली माती टाकली. तिथल्या तिथे हो म्हणून टाकावं असं मला फार वाटलं. पण तो पुन्हा मरणापायी दिलेलाच होकार झाला असता, आणि तो त्यांनी एकदा परत केला होता. मी ओंजळभर माती टाकली आणि गप्प राहिलो. लग्नासाठी मुलं आणखी थांबली.

संक्रांत झाल्यावर मी गोंडपिपरीला गेलो. मोठ्या भावाला समोर बसवलं आणि मुलगी कोणाच्या घरी देतो आहे ते सांगितलं, मुलाचा आजा तलावात जाळं टाकायचा हेही सांगितलं. तो चिडला, नको नको ते बोलला, लग्नाला येणार नाही म्हणाला आणि आला नाही. एवढंच. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. या अर्ध्या तासासाठी मी एका बाईला दीड वर्ष नागभीडहून यायला लावलं होतं. घरी आल्यावर मी वैशालीला आणि नितीनला हो म्हटलं. लग्न तर त्याहून लवकर आटोपलं. दोघांनी देवाची मर्जी मानून राहू अशा अर्थाचं एकेक वाक्य म्हटलं, आणि जेवणं.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यात वैशाली माहेरी आली होती. दुपारी जेवणं झाल्यावर सुमन आडवी झाली होती आणि आम्ही दोघं तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मध्येच तिने विचारलं, रागाने नाही, बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारतात तसं.

"बाबा, तुम्ही आईंना भेटायला तिथपर्यंत गेले होते ना. नितीन घरी आला तर त्यांनी एवढंच सांगितलं, भाऊ पाहाले आले होते. तिथपर्यंत जाऊनही तुम्ही काहीच बोलले नाही?"

म्हणजे लीलाबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. मी होकार घेऊन आलो होतो हे त्या नुसतं बोलल्या असत्या तरी मुलांनी तो धरून ठेवला असता, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत लग्न झालं असतं. हे सांगायला मी तोंड उघडलंही. बोललो होतो गं, त्यांनीच परत पाठवलं, असं म्हणणं अगदी सोपं होतं आणि खरंही होतं. पण मग जी आता नाही तिच्यावर सगळं गेलं असतं, आणि बसमध्ये ज्याला हलकं वाटलं तो माणूस सुटला असता.

"नाही बोललो," मी म्हणालो.

वैशालीने हातातली शेंग सोलली, दाणे ताटात टाकले.

"त्यांना फार वाटत होतं, बाबा," ती म्हणाली. "शेवटपर्यंत दारात कोणाचा आवाज आला की विचारत, ऊर्जानगरचे भाऊ आले का म्हणून."