दुसऱ्या खेपेच्या बरगड्या

केळापूरजवळच्या तांड्यावरची लालीबाई नवऱ्याला, बाबूसिंगला घेऊन यवतमाळच्या इस्पितळात आली, ते १९५९ साल. क्षयानं त्याच्या डाव्या फुफ्फुसात पोकळी पडली होती. ती दबावी म्हणून वरच्या बरगड्या काढायच्या होत्या, दोन खेपांत. छाती इतकी कमजोर, की पुरती गुंगी देणं धोक्याचं. म्हणून डॉक्टरांनी पाठीच्या कण्याशेजारी, एकेका बरगडीच्या मुळाशी सुई देऊन तेवढीच बाजू बधिर केली. बाबूसिंग जागाच राहणार होता. तो घाबरून हात झटकू लागला, तेव्हा लालीबाईला तोंडाला फडकं बांधून त्याच्या उशाशी बसवलं.

“दुखते का?” तिनं विचारलं.

“दुखत नाई. पन हाड तोडून राह्यले, थे ऐकू येते.”

ती त्याच्याशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत राहिली. बैलांचं, पोरीचं, जे सुचेल ते.

दुपारी बधिरपणा उतरला आणि श्वासाश्वासाला कळ उठू लागली. त्या धाकानं तो खोकलाही दाबून धरी. “कफ साचला तर जीव जाईल,” म्हणत डॉक्टर बरगड्यांच्या खालून पुन्हा सुया देत. मग दीड-दोन तास तो मोकळा खोके, दोन घास खाई. औषध उतरलं की उशीत तोंड खुपसून रडे. लग्नाच्या बारा वर्षांत तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी दुसरी खेप ठरली. आदल्या दिवशी तो म्हणाला, “तू म्हनशीन तर जातो टेबलावर.”

“घरी चाला,” लालीबाईच्या तोंडून निघालं. “मले नाई पाह्यल्या जात.”

डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. ती ऐकेना.

सातव्या महिन्यात बाबूसिंग रक्त ओकून गेला. सासू तिला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं तिला वाटे.

दोन वर्षांनी पांढरकवड्याच्या बाजारात तिला मारोतराव दिसले. इस्पितळात शेजारच्या खाटेवर होते, दुखणं हेच. त्यांनी दोन्ही खेपा सोसल्या होत्या. डावा खांदा उतरलेला, पण तुरीचं गाठोडं उचलून चालत होते.

“बाबूसिंग कसा हाय, बाई?”

“बरा हाय. वावरात गेला.”

ती तशीच पुढं चालत सुटली. मीठ घ्यायचं राहिलं. सासूनं मिठाचं विचारलं तर म्हणाली, “भेटलं नाई.”