अकोल्याहून येणारे ठिपके

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. या सदरातले अनुभव मी आवडीने ऐकते. ऐकते म्हणजे फोन मला वाचून दाखवतो, कारण मी जन्मापासून पूर्ण अंध आहे. पण ऐकून झालं की याला नेमका कशाचा भास झाला असेल, याचाच विचार करत बसते. शाळेच्या वसतिगृहात मुली चिंचेखालच्या बाईच्या गोष्टी सांगून एकमेकींना घाबरवायच्या, तेव्हा मी मुद्दाम जाऊन त्या चिंचेला टेकून बसायचे. अंधाराला लोक का भितात हे मला आजही नीट कळत नाही. त्यामुळे हे लिहावं की नाही, यात बरेच महिने गेले. शेवटी आमचे हे म्हणाले, लिहून टाक, कुणाला काही माहीत असेल तर सांगेल तरी.

तर... मी अमरावतीला राहते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या एका केंद्रात शिकवते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली कॉलेजची मुलं-मुली आमच्याकडे येतात. ज्यांना येणं जमत नाही त्यांच्या घरी आम्ही जातो. अकोल्याच्या प्राचीकडे मी अशीच जाऊ लागले.

प्राचीला लहानपणीच दिसेनासं झालं होतं. बारावीनंतर ऐकूही कमी यायला लागलं आणि बी. ए. च्या पहिल्या वर्षात असताना कान जवळजवळ बंदच झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा एकच आजार आहे, फार कमी जणांना होतो — आधी डोळे, मग कान, आणि पुढे हृदय. आई-वडिलांनी त्यातलं शेवटचं तिच्यापासून लपवलं होतं. तिला ते माहीत होतं. मला तिनेच सांगितलं.

तिचे वडील गजाननभाऊ, अकोल्याच्या धान्य बाजारात हर्रास बोलणारे. म्हणजे ढिगाशी उभं राहून, व्यापारी भाव वाढवत जातात तसतशी मोठ्याने बोली पुकारणारे. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा दारात असूनही एक पाऊल मागे सरकले होते. घरातही ते तसेच बोलायचे. प्राचीला दिसत नसल्यामुळे तिला सगळं जग त्यांनीच बोलून दाखवलं होतं. कोण आलं, आभाळ कसं आहे, समोरच्या घराला कोणता रंग देऊन राहिले. ती लहान असताना खांद्यावर घेऊन बाजारात फिरवायचे आणि हर्रासासारखं ओरडून सगळं सांगायचे, असं लताताई, तिची आई, हसत सांगायच्या.

आणि त्याच माणसाचा आवाज आता त्याच मुलीला ऐकू येत नव्हता.

केंद्राला एक छोटा ब्रेल डिस्प्ले मिळाला होता, तो आम्ही प्राचीला दिला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते — कंपासपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र असतं. त्यावर बारीक छिद्रांची एक ओळ. फोनशी ते ब्लूटूथने जोडायचं. मग फोनवर जे लिहिलेलं असेल ते त्या छिद्रांतून ठिपके होऊन वर येतं आणि बोटाने वाचता येतं. ओळ संपली की बटण दाबायचं, जुने ठिपके खाली जातात, नवे वर येतात. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, त्याच्याशी बोलायला याहून सोपं काही मी तरी पाहिलेलं नाही.

पहिल्या दिवशी लताताईंनी फोनवर लिहिलं, चहा ठेवू का. प्राचीचं बोट त्या ओळीवरून गेलं, थांबलं, परत सुरुवातीला आलं. मग ती मोठ्याने म्हणाली — स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती फार मोठ्याने बोलायची — "ठेव ना. साखर कमी टाक." लताताई ओट्याशी गेल्या आणि बराच वेळ भांड्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर मायलेकी दिवसभर बोलायच्या. पण गजाननभाऊ काही केल्या लिहीनात. शाळा चौथीपर्यंत झालेली, वाचता यायचं पण हळू. एकदा मी त्यांना बसवून फोन हातात दिला. मुलीच्या नावातलंच जोडाक्षर त्यांना जमेना. प आणि र वेगवेगळे उमटत राहिले. त्यांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, "मॅडम, मी बोलणारा मानूस हाय. माह्या बोटाले नाही जमत हे." त्या दिवसानंतर ते घरातही कमी बोलायला लागले. प्राचीने काही विचारलं की तिच्या हातावर थापटायचे. एकदा थापटलं की हो, दोनदा थापटलं की नाही. बस.

प्राची त्यावरून फार खट्टू व्हायची. मला तिने विचारलंही होतं, "बाबा माह्याशी काहून बोलत नाही मॅडम?" मी डिस्प्लेवर लिहिलं, शिकून राहिले, वेळ लागेल. ती म्हणाली, लवकर शिकवा.

दिवाळी झाली आणि तिला दम लागायला लागला. दवाखान्यात नेलं. हृदय थकलं होतं. तिथेच ती गेली. लताताई शेवटपर्यंत फोनवर लिहीत होत्या आणि तिचं बोट डिस्प्लेवर होतं. कोणत्या शब्दावर ते थांबलं हे त्यांना कळलं नाही, इतकंच त्यांनी मला सांगितलं. मी जास्त विचारलं नाही.

तेरवीनंतर मी भेटायला गेले तेव्हा लताताईंनी डिस्प्ले माझ्या हातात दिला. म्हणाल्या, दुसऱ्या एखाद्या लेकराच्या कामी येऊ द्या. प्राचीचा फोन मात्र गजाननभाऊंनी ठेवून घेतला होता. ते घरातच होते, पण निरोप घेईपर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू आला नाही.

डिस्प्ले मी अमरावतीला आणला. चांदूर बाजारची नाझिया नावाची एक मुलगी होती, तिला तो द्यायचं ठरलं. द्यायच्या आधी मी नेहमीसारखं सगळं पुसून टाकलं. आतली साठवण रिकामी केली, प्राचीच्या फोनशी असलेली जोडणी काढून टाकली. हे मी इतक्या वेळा केलंय की चूक व्हायचा प्रश्नच नाही, तरीही दोनदा तपासलं. मग एका दुपारी घरी टेबलावर ठेवून, सगळे ठिपके नीट वर येतात का हे पाहायला सुरू केला. कोणत्याही फोनशी जोडलेलं नसेल तर यंत्र तसं सांगतं. ती सूचना आली. मी ती वाचली.

आणि ती माझ्या बोटाखालीच मिटली. तिच्या जागी एक अक्षर वर आलं. प. मग ओ ची मात्रा. मग र... थांबून थांबून. एक अक्षर चुकीचं आलं, ते खाली गेलं, बऱ्याच वेळाने दुसरं आलं. कुणीतरी एकेक अक्षर शोधून दाबतंय असं.

पोरी.

मग — मी बाबा.

मी हात काढून घेतला. माझ्या मनात पहिला विचार आला तो जुनं काही साठवणीत राहिल्याचा. ब्लूटूथ बंद केलं. ठिपके हलतच होते. परत बोट ठेवलं तर लिहिलेलं होतं, तुही माय जेवून नाही राहिली. तू सांग तिले.

मी यांना हाक मारली. यांना ब्रेल येत नाही, पण हात ठेवल्यावर ठिपके वरखाली होताना यांना कळलं. हे म्हणाले यंत्र बिघडलंय. बिघडलेलं यंत्र वाट्टेल ते ठिपके वर आणेल, पण वऱ्हाडीत वाक्य कसं लिहील?

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसंच. आज सोयाबीन लय आलं. गळा बसला. मग एकदा — तुह्या खोलीतला कूलर काढला, आता खिडकीतून हवा येते. मग — तुही मैत्रीण आली होती, रडली, मी नाही रडलो. रोज थोडंच यायचं, आणि बाजार संपण्याच्या सुमारास यायचं. मी केंद्रातून लवकर घरी येऊन बसू लागले. खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. दुसऱ्याच्या घरात दाराआड उभं राहून ऐकतोय असं वाटायचं, तरी हात काढवत नव्हता. या यंत्रावर ठिपक्यांच्या वर टाइप करायची बटणं असतात. एका दुपारी — पोरी तू वाचते ना — एवढंच आलं आणि मग बराच वेळ काही नाही. माझी बोटं बटणांवर गेली होती. मी दाबलं नाही. दाबलं असतं तर कुठे पोहोचलं असतं, मला ठाऊक नाही. पण तिच्या नावाने हो म्हणायचा मला काय अधिकार?

मी लताताईंना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, भाऊ कसे आहेत. त्या म्हणाल्या, "बोलूनच नाही राहिले मॅडम. बाजारातून आले की पोरीचा फोन घेऊन बसतात. एक एक अक्षर पाहून पाहून काहीतरी दाबत राहतात. मले दाखवत नाहीत." मी विचारलं, कूलर काढला का. त्या म्हणाल्या, तुमाले कोनं सांगितलं?

मी त्यांना फोनवर काही सांगू शकले नाही. जायचं ठरवलं, पण केंद्रातल्या परीक्षा मध्ये आल्या आणि निघायला थोडे दिवस लागले. निघण्याच्या आदल्या दुपारी मी नेहमीसारखी डिस्प्लेवर बोट ठेवून बसले होते. त्या दिवशी काहीच आलं नाही. संध्याकाळपर्यंत फोन जोडलेला नसल्याची सूचनाच तेवढी ओळीवर होती.

बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले. डिस्प्ले पिशवीत होता. गजाननभाऊ बाजारातून येईपर्यंत मी लताताईंजवळ बसले. ते आले, हातपाय धुतले, आणि मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. लताताई मध्येच रडायला लागल्या. मला गजाननभाऊंचा चेहरा दिसत नाही, म्हणून अशा वेळी मी श्वास ऐकते. त्यांचा श्वास अगदी हळू चालला होता.

मग ते म्हणाले, "म्हंजे जाते तं."

मला ते ऐकवलं नाही. मी म्हणाले, भाऊ, तिला नाही, माझ्याकडे येतंय. अमरावतीला. कसं ते मला माहीत नाही.

त्यांनी विचारलं, काय काय आलं. मी आठवेल ते सगळं सांगितलं. आईच्या जेवणाचं, सोयाबीनचं, कूलरचं, मैत्रिणीचं. प्रत्येकावर ते हं म्हणाले. ते पोरीला काय लिहितात, हे लताताईंना तोवर ठाऊक नव्हतं. पोरी तू वाचते ना, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते हं म्हणाले नाहीत.

थोड्या वेळाने म्हणाले, "अन् काल दुपारचं?"

मी म्हणाले, काल काही आलं नाही.

"नीट पाहा मॅडम. काल लय मोठं लिवलं होतं. तिचं नाव पन जमलं मले काल."

मी सांगितलं की दुपारपासून संध्याकाळपर्यंत बोट उचललं नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं, एक अक्षरही नाही? मी म्हणाले नाही. खात्री म्हणून पिशवीतून डिस्प्ले काढला, सुरू केला. यंत्राने फोन जोडलेला नाही म्हणून सांगितलं आणि तसंच राहिलं. मला वाटलं आता हा माणूस कोलमडेल, आणि आपण इथवर येऊन हे कशाला सांगितलं असं होऊन गेलं.

पण ते शांतपणे म्हणाले, "मंग ते तिले गेलं."

मग ते रडले. तेरवीपर्यंत घरी आलेल्या कुणीही त्यांना रडताना ऐकलं नव्हतं, असं लताताई नंतर म्हणाल्या. त्या दिवशी मात्र आवाज गल्लीत गेला असेल. लताताईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

काय लिहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. फोनवरून पुसून टाकलंय म्हणाले, आणि मीही विचारलं नाही. निघताना डिस्प्ले त्यांच्यापुढे धरला. हवा असेल तर ठेवा, नाझियासाठी आम्ही दुसरा बघू. त्यांनी माझ्या हातावर दोनदा थापटलं.

पुढे ज्या कंपनीचं यंत्र आहे त्यांच्या माणसाशी मी बोलले. तो भला माणूस, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, साठवणीत काही राहिलं असेल. मी म्हणाले, ती जाऊन महिना झाल्यावरच्या गोष्टी साठवणीत कशा राहतील? मग म्हणाला, जुनी जोडणी. ब्लूटूथ बाजूच्या खोलीत गेलं तरी तुटतं, हे त्यानेच मला शिकवलेलं. आमच्या यांना अजून वाटतं की मी दुःखात होते, मनाने रचलं असेल. पण मग कूलरचं मला कसं कळलं असतं?

डिस्प्ले आता नाझियाकडे आहे. मी तिला अधूनमधून विचारते, मध्येच काही वेगळं येतं का. ती म्हणते नाही मॅडम, मस्त चालते. लताताईंचा फोन येतो. त्या सांगतात, गजाननभाऊ आता घरीही थोडं थोडं बोलायला लागलेत. प्राचीचा फोन कपाटात ठेवलाय, त्याला हात लावत नाहीत.

माझ्याकडे अकोल्याची इतकी वाक्यं का आली, आणि ते एक का आलं नाही, हे मला आजही कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर जरूर लिहा. मी ऐकेन.