दोन शिक्षक, पंचेचाळीस पोरं आणि एक भाड्याची बस

शिक्षकांच्या घरात काही ना काही साठत जातं. कुणाकडे शाली, कुणाकडे नारळ, कुणाकडे तपासायच्या वह्या. माझ्याकडे सहलींचे किस्से साठलेत. लग्नात पंगतीला बसलं की शेजारची कुणीतरी विचारतेच, "मग बाई, यंदा पोरांना कुठं नेलंत?" मी सांगायला लागते आणि ताटातला भात गार होतो. पण एकदाही अर्ध्यावर उठू दिलेलं नाही कुणी.

आमची गावची मराठी शाळा. पहिली ते चौथी. चाकणपासून आत वळलं की आठ किलोमीटर. शिक्षक दोनच, मुख्याध्यापक शेळके सर आणि मी. निम्मी पोरं गावातली, त्यांचे वडील सकाळी गोठा आवरून कंपनीत जातात. निम्मी लातूर-परभणीकडून कामासाठी आलेल्यांची, भाड्याच्या खोल्यांत राहणारी. सरांचा एक नियम आहे. जे फळ्यावर शिकवता येतं ते फळ्यावर शिकवायचं, उरलेल्यासाठी बस काढायची. वरिष्ठ विचारतात, एवढ्या सहली कशाला? सर म्हणतात, उरलेलं फार आहे.

\* \* \*

तिसरी-चौथीच्या पोरांना चाकणच्या पोस्टात नेलं होतं. प्रत्येकाने आपल्या घरी एक कार्ड लिहायचं, पत्ता घालायचा आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकायचं. गावातल्या पोरांचं काम सोपं होतं. वडिलांचं नाव, गाव, तालुका खेड, झालं.

परभणीकडचा कृष्णा मात्र कोरं कार्ड धरून बसला. त्यांच्या खोलीला पत्ताच नाही म्हणाला. लाइट बिल घरमालकाच्या नावावर, नळ सगळ्यांचा एकच, दारावर नंबर नाही. मी म्हटलं, तुला घरी कसं जायचं ते तर माहीत आहे ना? तेच लिही.

त्याने लिहिलं, 'पेट्रोल पंपाच्या मागे जाणे. बाभळीपासून तिसरी पत्र्याची खोली. दारात निळा पिंप. पिंपावर बहुतेक मांजर असेल. आईला देणे.'

सर ते सुधारायला निघाले होते. काउंटरपलीकडच्या पोस्टमनने कार्ड मागून घेतलं, दोनदा वाचलं आणि असू दे म्हणून ठेवून दिलं.

गावातल्या पोरांची कार्डं यायला आठवडा लागला. कृष्णा चौथ्याच दिवशी आपलं कार्ड घेऊन शाळेत हजर. त्याच्या आईच्या नावाने आयुष्यात आलेलं ते पहिलं टपाल. तिने ते देवाजवळ ठेवलं होतं, एक दिवसापुरतं मागून आणलं होतं त्याने.

कार्डाच्या कोपऱ्यात पोस्टमनने पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मांजर नव्हते.'

\* \* \*

चाकणच्या मार्केटमध्ये कांद्याचा लिलाव दाखवायला नेलं ती गोष्ट अजून बाजारात सांगतात म्हणे.

सोहम दुसरीत होता. आमच्या वर्गाचा जुना रिवाज, लघवीला जायचं असेल तर बोलायचं नाही, करंगळी वर करायची. लिलाव रंगात आला होता. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा ढीग होता, माल चांगला, पण बोली एका जागी अडकली होती. एक जाडजूड व्यापारी हाताची घडी घालून उभा, आता याच्यापुढे कोण जाणार, असं तोंड करून. नेमकी त्याच क्षणी सोहमने करंगळी वर केली.

लिलाव पुकारणाऱ्याला गर्दीतून फक्त बोट दिसलं. त्याने बोली वाढवली.

व्यापाऱ्याला राग आला. त्याने मागे न बघताच आणखी वाढवली. सोहमला वाटलं, बाईंना दिसलं नाही वाटतं, म्हणून त्याने टाचा उंचावून करंगळी आणखी वर नेली. बोली परत वाढली. व्यापाऱ्याने पुन्हा वरचढ आकडा सांगितला आणि आता आपल्या विरोधात आहे तरी कोण, म्हणून वळून बघितलं.

सर गर्दी कापत येत होते. "अहो, थांबा. त्याला लघवीला जायचंय."

सगळं मार्केट हसलं. पुकारणाऱ्याने बोली मागे घेऊ का विचारलं. व्यापारी दिलदार निघाला. एकदा बोललो ते बोललो, म्हणाला आणि त्याच भावाने ढीग उचलला. सोहमला त्याने स्वतः कडेला नेऊन आणलं.

आम्ही निघालो तेव्हा तो म्हातारा शेतकरी बसपर्यंत चालत आला. सरांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, ह्ये पोरगं फुडच्या बाजारला मोकळं हाय का?"

\* \* \*

एका सहलीला आम्ही आळंदीच्या रस्त्याला लागलो होतो. एक मोटारसायकल हॉर्न वाजवत बसच्या मागे लागली. ड्रायव्हर वैतागला. बस कडेला घेतली तर आमच्या दुसरीतल्या आरतीचे वडील. नाइट शिफ्ट करून घरी गेले, तर पोरगी डबा विसरून गेलेली. तसेच निघाले, अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे तांबडे.

डबा खिडकीतून दिला. आरतीने घेतला. ते तिथेच उभे राहिले. मी म्हटलं, दादा, जा आता, झोपा. ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "बाई, मागं जागा दिसतीय. मी येऊ का? आमच्या वेळेला आमी कधी गेलो न्हाई."

मोटारसायकल एका पंक्चरवाल्याकडे लावली आणि ते आले. दिवसभर पोरांच्या रांगेत चालले. सर मुलांना विचारायचे त्या प्रश्नांना हात वर करायचे. परत येताना मात्र झोपले, आरतीच्या खांद्यावर डोकं टाकून. सात वर्षांची पोर पंक्चरवाल्याचं दुकान येईपर्यंत हलली नाही.

\* \* \*

पिंपरीजवळ एका अग्निशमन केंद्रात गेलो होतो. तिथल्या अधिकाऱ्यांनी गाडी दाखवली, शिडी उघडून दाखवली, पाइप पोरांच्या हातात दिला. शेवटी म्हणाले, काही प्रश्न?

तिसरीतल्या यशने विचारलं, आग लागलेली नसते तेव्हा तुम्ही काय करता? अधिकारी म्हणाले, व्यायाम करतो, सराव करतो, गाडी पुसतो, आणि मग वाट बघतो.

यश म्हणाला, "आमचा दादा पण हेच करतो. पण त्याला पगार नाही."

दादा म्हणजे यशचा थोरला भाऊ. बारावी होऊन दोन वर्षं झालेली. सकाळी माळावर पळायचा, जोर मारायचा, वडिलांची गाडी पुसायचा आणि भरतीची वाट बघायचा. घरात रोज बोलणी खायचा.

अधिकारी हसले नाहीत. त्यांनी यशला दादाची उंची विचारली. यशने कपाटाएवढा असं सांगितलं. मग त्यांनी सरांजवळ निरोप दिला, उद्या त्याला माझ्याकडे पाठवा. दादा गेला. कुठला कोर्स करायचा, परीक्षा कशी असते, सगळं त्यांनी त्याला समजावून सांगितलं. पहिल्या वेळी तो पडला. दुसऱ्यांदाही पडला. घरचे म्हणाले, आता कंपनीत चिकट. तो ऐकेना.

गेल्या वर्षी नव्या पोरांना घेऊन आम्ही पुन्हा तिकडेच, पण दुसऱ्या केंद्रात गेलो. पाइप घेऊन उभा असलेला जवान माझ्या पाया पडला. मी ओळखलंच नाही.

"बाई, यशचा दादा," तो म्हणाला. "आता वाट बघायचा पगार मिळतो."

\* \* \*

मनीषाच्या नावापुढे हजेरीपटात गैरहजेरीच जास्त. मेंढपाळाची पोर. मेंढरांचा वाडा आमच्या शिवारात असला की शाळेत यायची, हलला की जायची. वाचन जेमतेम. पाढे आठाच्या पुढे जात नव्हते. वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायची आणि कुणी विचारलं तर जमिनीकडे बघायची.

चिंचवडला तारांगण बघायला गेलो. आमच्याबरोबर शहरातली एक मोठी शाळा होती, टाय-बूटवाली. आमची पोरं त्यांच्याकडे बघून गपगार. अंधार झाला, वर घुमटात आभाळ उगवलं. माहिती सांगणाऱ्या मुलीने सात ताऱ्यांवर दिव्याचा बाण नेला आणि विचारलं, हे काय आहे, कुणाला माहीत आहे?

टायवाल्यांतल्या एकाने इंग्रजीत नाव सांगितलं. बरोबर होतं.  मग आमच्या बाजूच्या अंधारातून आवाज आला.

"ती म्हातारीची बाज हाय. चार खुर. मागचे तीन चोर, ते बाज चोरून नेत्यात."

मला आधी कळलंच नाही की हा मनीषाचा आवाज आहे. इतकी लांबलचक वाक्यं मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. त्या मुलीने बाण दुसरीकडे नेला. मनीषा म्हणाली, ते तिकांडं. हरणाला मारलेला बाण. कुठल्या महिन्यात ते कुठं असतं, ते कलल्यावर रात किती उरली हे बा कसं ओळखतो, तेही तिने सांगितलं. शेवटी त्या मुलीने बाणाचा दिवाच तिच्या हातात दिला. दहा मिनिटं मनीषा बोलत होती आणि दोन शाळा माना वर करून ऐकत होत्या. सर माझ्या शेजारी होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. अंधारात चष्मा कशाला पुसायचा?

दिवे लागल्यावर टायवाल्या शाळेच्या बाई उठून आल्या. तिच्यासमोर वाकून त्यांनी विचारलं, तुला एवढं सगळं कुणी शिकवलं?

मनीषा पुन्हा जमिनीकडे बघायला लागली होती.

"कुणी न्हाई," ती म्हणाली. "आमच्यात छप्पर नसतं ना."

\* \* \*

आणि ही श्रावणीची.

श्रावणी चौथीत होती. हुशार, नीटनेटकी, लातूरकडची. तिचे वडील चाकणच्या एका मोठ्या कंपनीत होते आणि तिने वर्गात सांगून ठेवलं होतं की ते साहेब आहेत. त्यांची खुर्ची गोल फिरते. त्यांना वेगळा डबा येतो. ते खरं नाही हे मला माहीत होतं, कारण दाखल्यासाठी ते शाळेत आले तेव्हा शर्टावर साफसफाईच्या ठेकेदाराचं नाव होतं. मी कधी बोलले नाही. पोरांच्या असल्या गोष्टींत आपण पडू नये.

त्या वर्षी सरांनी खटपट करून कारखाना बघायची परवानगी मिळवली. नेमकी तीच कंपनी.

दोन दिवस आधी श्रावणी माझ्या टेबलापाशी आली. "बाई, मला ताप येणार आहे."

मी विचारलं, कधी? म्हणाली, सोमवारी.

मी तिला जवळ बसवलं. काही विचारलं नाही. एवढंच म्हटलं की सोमवारी रांगेच्या शेवटी उभं राहून पोरं मोजणारं मला कुणीतरी हवंय. ती हो म्हणाली नाही आणि नाही पण म्हणाली नाही. त्या रात्री मलाच झोप लागली नाही. तिला घरी राहू द्यायला हवं होतं का, असं वाटत राहिलं.

सोमवारी ती आली. डोळे सुजलेले होते.

कंपनीत पोरांना पिवळी जाकिटं दिली, ती गुडघ्याखाली लोंबत होती. टोप्या नाकावर येत होत्या. प्लांटचे सगळ्यात मोठे साहेब स्वतः माहिती द्यायला आले होते. उंचापुरा माणूस, पांढरं हेल्मेट, मागे चार अधिकारी वह्या घेऊन. ते चालायला लागले की वाटेतली माणसं बाजूला व्हायची. पोरं पिवळ्या पट्ट्यांच्या आतून रांगेत चालली होती. रोबोट बघून तोंडं उघडी पडली होती. श्रावणी सगळ्यात मागे, मान खाली, पुढच्या पोरीच्या पाठीला चिकटून.

एका वळणावर मशिनमधून तेल सांडलं होतं. निळ्या कपड्यांतला एक माणूस गुडघ्यावर बसून ते पुसत होता. आमची पावलं ऐकून तो उठला. श्रावणीचे वडील. मी मागे वळून बघितलं. ती थिजून उभी होती.

मोठे साहेब बोलता बोलता पुढेच निघाले होते. वडिलांनी हात वर केला. तळवा समोर, सरळ साहेबांच्या छातीसमोर.

साहेब थांबले. उचललेला पाय त्यांनी मागे घेतला. त्यांच्यामागचे चार अधिकारी थांबले, सर थांबले, पंचेचाळीस पोरं एकमेकांवर आपटत थांबली. वडिलांनी घाई केली नाही. फडका मारला, भुसा टाकला, झाडला, पुन्हा पुसलं. मग वाकून बोटांनी फरशी चाचपून बघितली. साहेब हात मागे बांधून उभे होते.  वडिलांचा डावा हात अजून तसाच वर होता.

माझ्या कमरेजवळून काहीतरी सरकत पुढे गेलं. रांग सोडून, पोरांच्या मधून वाट काढत श्रावणी अगदी पुढे, साहेबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"हे कोण गं?" मागून एका पोराने विचारलं.

"माझे पप्पा," ती म्हणाली. "त्यांनी हात खाली केल्याशिवाय कुणी पाय टाकायचा नाही."