मरेनच्या वडिलांना शोधायला युटात

"आठवडाभर सुट्टी, आणि तू यलोस्टोन सोडून लायब्ररीत जाऊन बसणार? कमाल आहे यार तुझी!" महेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कपाळावर हात मारला. पण शेजारच्या रूथ मावशींना मी शब्द देऊन बसले होते. (आहेत अमेरिकन, पण मी मावशीच म्हणते आणि त्यांना ते आवडतं.) वयामुळे त्यांना एवढं लांब ड्राइव्ह करणं जमत नव्हतं, आणि डोक्यात एकच भुंगा होता. त्यांची पणजी मरेन लार्सन ही युटात वसलेल्या सुरुवातीच्या मॉर्मन मंडळींपैकी, म्हणजे त्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांपैकी. ती लहानपणी डेन्मार्कहून एकटीच आली, कारण आईबापाला नकोशी होती, असं घरात सांगत आलेले. तो 'नकोशी' शब्द मावशींना या वयातही लागायचा.

२००६च्या मे महिन्यात मी आणि मावशी आमच्या रेडमंडच्या पावसातून निघालो. स्नोक्वालमीच्या घाटात कडेला अजून बर्फ होता, आणि पुढे बघावं तर सोलापूरकडे आल्यासारखं कोरडं माळरान! पेंडलटननंतर मोठा चढ आहे, गॅस, म्हणजे पेट्रोल, आधीच भरून घ्या. मी दशम्या आणि दाण्याची चटणी नेली होती. मावशींनी नाक पुसत पुसत चटणी संपवली. मुक्काम बॉइझीला, हायवेलगतच्या साध्या मोटेलमध्ये. सकाळचा नाश्ता भाड्यातच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॉल्ट लेक सिटी. रस्ते एवढे रुंद, की मी बघतच राहिले. बैलगाडी वळवता यावी म्हणून तसे आखले म्हणे. मॉर्मन चर्चचं वंशावळीचं ग्रंथालय सगळ्यांना फुकट. नाती मेल्यावरही तुटत नाहीत अशी या लोकांची श्रद्धा आहे, म्हणून पूर्वजांची नावं ते जिवापाड जपतात. आम्हाला कुणी धर्म विचारला नाही. फक्त चहा-कॉफी ही मंडळी पीत नाहीत, तेव्हा गाडीत थर्मास असू द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयातल्या मदतनीस बाईंनी जुन्या नोंदींची फिल्म लावून दिली. पडद्यावर बैलगाड्यांच्या तांड्यातून युटाला आलेल्या माणसांची नावं सरकू लागली. मावशी म्हणाल्या, "ही यादी मी पाहिलीय. बघ, मरेन लार्सन. एकटीच. पुढेमागे एकही लार्सन नाही."

"वरचा हा लार्स अँडरसन कोण?"

"कुणी दुसरा. आडनाव वेगळं आहे ना!"

मी दोन्ही नावं पुन्हा वाचली. "मावशी, मरेन लार्सन म्हणजे लार्सची मुलगी असेल! आमच्याकडे नावापुढे बापाचं नाव लावतात. यांच्याकडेही तसंच असलं तर?"

मदतनीस बाई हसून म्हणाल्या, "बरोबर आहे. जुने डॅनिश लोक तसंच करायचे." त्यांनी हा तांडा जिथे वसला त्या इफ्रेम गावच्या चर्चची फिल्म काढून दिली. त्यात मरेनच्या बाप्तिस्म्याची नोंद होती. वडील, लार्स अँडरसन. आई, डेन्मार्कमध्येच वारलेली.

"बाप बरोबर होता तिच्या," मावशी म्हणाल्या आणि ओंजळीत तोंड लपवून रडल्या. मलाही आवरेना.

इफ्रेम तिथून दोनेक तासांवर. स्पॅनिश फोर्कपाशी हायवे सोडला की पुढे सॅनपीटचं खोरं, हिरवी शेतं आणि मागे बर्फाचे डोंगर. ओसाड माळावर पाट काढून या लोकांनी शेती उभी केली. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले. दफनभूमीत लार्सचा दगड झिजला होता, पण नाव लागत होतं. मावशींनी त्यावरून हात फिरवला आणि लेकीने बापाला म्हणावं तसं म्हणाल्या, "उशीर झाला आम्हाला." गावातल्या ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीतच खाणं आणून देतात त्या हॉटेलात, आम्ही रास्पबेरी शेक प्यायलो. आवर्जून प्या.

परतीच्या वाटेवर मावशी बराच वेळ झोपल्या. आता त्यांच्या दिवाणखान्यात मरेनच्या तसबिरीशेजारी लार्सच्या दगडाचा फोटो आहे. महेशला तो पहिल्याच दिवशी दाखवला गेला, साग्रसंगीत गोष्टीसकट.

आणि माझं म्हणाल, तर लग्नानंतरही माझ्या पासपोर्टवर बाबांचं नाव आहे, पण ऑफिसात मी त्याचं एक अक्षर करून टाकलं होतं. सोमवारी ईमेलखालच्या सहीत ते अख्खं लिहिलं, दत्तात्रय. शेजारच्या टेबलावरच्या जेनिफरने विचारलं, "हे कोण?"

म्हटलं, "माझे वडील. माझ्याबरोबर आलेत."