तात्पुरती पायरी

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मी पेपर घ्यायला गेलो होतो. महाडच्या गाडीतून कापडे गावची आनशीबाय उतरली. बाजार करून आलेली आनशीबाय आणि हातातली पिशवी रिकामी, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "अवो साळवीभाऊ, तुमाला कळला नाय काय? पायरीवालं गेलं. दुकान बंद हाय." आणि रिकामी पिशवी पोटाशी धरून ती कापड्याच्या गाडीकडे निघून गेली. मी पेपर न घेताच घरी आलो... त्याला आता सव्वा महिना झाला.

महाडच्या बाजारपेठेत कादिरभाईंना सगळे 'पायरीवाले' म्हणत. ज्या पायरीमुळे हे नाव पडलं, तिच्याशी माझा जेवढा संबंध आला तेवढा दुसऱ्या कुणाचा आला नसेल. कारण ती फोडायची नोटीस मीच टाईप केली होती. मी पालिकेत लिपिक होतो. आणि कादिरभाई माझे मित्र होते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गोंधळ व्हायला नको. माझा मात्र आयुष्यभर झाला.

महाडला सावित्री आणि गांधारी या दोघी नद्या पावसाळ्यात बाजारपेठेत न विचारता येतात. म्हणून जुनी दुकानं कमरेएवढ्या जोत्यावर बांधलेली. कादिरभाईंचं घराणं मूळचं तुडीलचं. वडिलांनी थाटलेलं किराण्याचं दुकान, त्याला काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या, मधली माणसं बसून बसून खोलगट झालेली. माझं लग्न झालं त्या वर्षापासून आमचा किराणा तिथलाच. तांदूळ मागितला की कादिरभाई आधी मूठभर तळहातावर देत आणि म्हणत, "वास घे." वास घेतल्याशिवाय त्यांनी कुणाला तांदूळ विकला नाही. घाईतल्या माणसालासुद्धा नाही. एरवी मी 'साळव्या' असायचो, पण हातात फाईल दिसली की 'साळवीसाहेब'. लांबूनच ओरडत, "काय रे, आज साखर हाय का नोटीस?"

नव्वदचं दशक संपता संपता पालिकेत नवे मुख्याधिकारी आले. घाटावरचे, उमदे, आणि टेपने मोजल्याशिवाय काही न बोलणारे. त्यांनी पेठेतला रस्ता मोजला. दुकानांच्या पायऱ्या अडीच-अडीच फूट रस्त्यावर आलेल्या निघाल्या. सगळ्यांना नोटिसा गेल्या. मोठ्या दुकानदारांनी पायऱ्या आत वळवून घेतल्या. कादिरभाईंचं दुकान एवढंसं. पायऱ्या आत घेतल्या तर तांदळाची पोती बाहेर ठेवायची पाळी. नोटीस त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "साळवीसाहेब, ह्यातला मराठी कुठल्या गावचा?" मग कागद माझ्याच हातात परत दिला. "सात दिवसांत उत्तर द्यायचाय ना? तूच लिव. तुझा कागद, तुलाच समजंल."

मी लिहिलं. संध्याकाळी त्यांच्याच दुकानात तेलाच्या डब्यावर बसून, चहा पीत. पूर, जोतं, म्हातारी गिऱ्हाइकं, वडिलोपार्जित वहिवाट, सगळं घातलं. दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांनी मला बोलावलं. "साळवी, हा दुकानदार साधा नाही. याच्यामागे कुणीतरी मुरलेला वकील आहे. याला तोडीस तोड उत्तर द्या." माझी छाती फुगली. मी तोडीस तोड उत्तर दिलं. संध्याकाळी त्या उत्तराला उत्तर. असे तीन फेरे झाले. तिसऱ्या फेऱ्यात पालिकेच्या वतीनं मी इतकं नामी लिहिलं, की कादिरभाईंच्या वतीनं मलाच काही सुचेना. कादिरभाईंनी तो कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ह्या खेपेला पालिकेकडनं झकास लिवलायस रे." रागाचा एक शब्द नाही. तो शब्द आला असता तर बरं झालं असतं.

पायऱ्या फोडल्या त्या दिवशी मी ताप आल्याचं कळवून रजा टाकली. दुपारी कादिरभाईंच्या सुनेनं, सायरानं, घरी पुडी आणून दिली. पुडीत आल्याचा तुकडा आणि गवती चहा. "अब्बांनी दिलंय. म्हणाले, तापात चांगलं असतं." मी धडधाकट माणूस तीन दिवस तो काढा प्यालो. शरमेला दुसरं औषध माझ्याकडे नव्हतं.

आणि नेमकं त्याच सुमारास मुंबईच्या एका साखळी दुकानाची शाखा पेठेच्या टोकाला उघडली. काचेचं दार, आत गारवा, ढकलायच्या गाड्या, आणि जमीन रस्त्याच्या बरोबरीत. पायरीच नाही, तर अतिक्रमण कुठलं? आमचे साहेब मीटिंगमध्ये त्याचं उदाहरण देत. म्हाताऱ्याकोताऱ्या सरळ चालत आत जायला लागल्या, आणि इकडे कादिरभाई कमरेएवढ्या उंचीवरून वाकून तळहातावरचा तांदूळ खाली नाकाशी धरायला लागले. आनशीबाय खालूनच ओरडली, "मी काय आता माकड हाय काय उडी मारायला?" आणि तरातरा त्या नव्या दुकानात गेली. पाच मिनिटांत परत. "दारातच पिशवी काढून घेतात नि बिल्ला देतात! मी काय चोर हाय?" पण सगळ्यांची पिशवी काही आनशीबायसारखी मानी नव्हती. गिऱ्हाईक ओसरलं. कुवेतहून मुलगा, अस्लम, फोनवर म्हणे, जागा विकून टाका. कादिरभाई हसण्यावारी नेत, पण एकदा मला म्हणाले, "माणूस वर चढला तर दुकान, साळव्या. नायतर ह्यो नुसता माळा." त्यांना मी तेव्हा पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

मग त्यांनी सुताराकडून फणसाच्या लाकडाची तीन पायऱ्यांची शिडी करून घेतली. उंबऱ्याला बिजागरीनं जोडलेली, वर कप्पी आणि दोर. दोर सोडला की पायरी रस्त्यावर, ओढला की दारात उभी. "रस्त्यावर पायरी नाय," ते सांगत, "दाराला हाय. दार तरी आमचा ना?" पालिकेच्या अतिक्रमण पथकाचा ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळला की समोरचा चहावाला किटलीवर चमचा वाजवी आणि पायरी वर जाई. आत जे गिऱ्हाईक असेल ते ट्रॅक्टर जाईपर्यंत आतच. त्यांना गूळ-शेंगदाणे फुकट. अर्धा अर्धा तास कोंडून पडलेल्या माणसाला नुसतं बसवत नाही. त्याला हिंग आठवतं, वाती आठवतात, सुंठ आठवते. "तुझं पथक रोज पाठव," कादिरभाई मला म्हणाले, "धंदा वाढतोय."

हे साहेबांच्या कानावर गेलं. एका सोमवारी ते स्वतः निघाले. मागे मी, बगलेत फाईल, पिशवीत शिक्का. आम्ही पोचेपर्यंत किटली वाजून गेली होती आणि पायरी दारात उभी होती. साहेबांनी वर बघून आवाज चढवला, "कोण आहे आत? बाहेर या!" पायरीच्या फटीतून एक डोळा दिसला आणि आतून आवाज आला, "बाळ्या?"

साहेबांच्या मातोश्री आठ दिवसांसाठी मुलाकडे आल्या होत्या. नव्या दुकानात तांदळाला प्लास्टिक, वास घेता येत नाही, म्हणून विचारत विचारत इथं आल्या होत्या. एका हातात आंबेमोहोर, दुसऱ्या हातात गूळ-शेंगदाणे.

"आई, तू इथं?"

"मी इथंच आहे अर्ध्या तासापासून. मला खाली उतरव आधी, मग ओरड."

कादिरभाई दोराला हात लावून उभे. चेहरा असा गरीब, की मला हसू दाबता येईना. "साहेब, पायरी सोडली तर अतिक्रमण. नाय सोडली तर मातोश्री वर. तुमी सांगाल तसा करतो. फक्त लेखी द्या."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे पाहिलं. वरून मातोश्री म्हणाल्या, "अरे दे ना लिहून! लहानपणापासून असाच. मामाला एक पत्र लिही म्हटलं तर दोन दिवस लावायचा." तोवर अर्धी पेठ जमली होती. मी तिथंच, चहावाल्याच्या बाकावर फाईल ठेवून लिहिलं: 'सदर दुकानास लाकडी पायरी, रस्त्यावर अडीच फुटांपर्यंत, तात्पुरत्या स्वरूपात ठेवण्यास परवानगी देण्यात येत आहे.' साहेबांनी घाम पुसत सही केली, मी शिक्का मारला, दोर सुटला आणि मातोश्री राणीसारख्या खाली उतरल्या. परवानगी किती दिवसांची, ते लिहायचं राहून गेलं. कचेरीत मी गडबडीत विसरलो असं सांगितलं. आता निवृत्त झालोय म्हणून खरं सांगतो, विसरलो नव्हतो.

तो कागद फ्रेम करून तराजूच्या वर लागला. पायरी दिवसभर उघड उघड रस्त्यावर राहायला लागली आणि माणसं पुन्हा वर चढायला लागली. दोन पावसाळ्यांनी पेठेत मोठं पाणी आलं. त्या काचेच्या दारातून पाणी पिशवी जमा न करता थेट आत शिरलं. तिथला पुण्याचा तरुण मॅनेजर आणि कामावरच्या दोन मुली कमरेएवढ्या पाण्यातून कादिरभाईंच्या दारात आल्या. कादिरभाईंनी तिघांना वर घेतलं, पायरी वाहून जाऊ नये म्हणून ओढून घेतली आणि पाणी ओसरेपर्यंत पोत्यांवर बसवून चहा पाजला. मॅनेजरलाही तांदळाचा वास घ्यायला लावला असणार, याबद्दल मला शंका नाही.

पाणी ओसरल्यावर साखळीवाल्यांनी जमीन उंच केली आणि पुढं ग्रॅनाइटच्या चार पायऱ्या बांधल्या. सरळ रस्त्यावर! नोटीस मीच टाईप केली. तिसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर मॅनेजर ती घेऊन तेलाच्या डब्यावर बसलेला, आणि कादिरभाई हसून हसून खोकत होते. माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाले, "ह्यो आमचा वकील. पण जपून रे, पालिकेकडनं पण ह्योच लिवतो." मी त्यालाही उत्तर लिहून दिलं. जुन्या फायलीतलं होतंच, नाव तेवढं बदललं. पुढं दोन वर्षांनी ते दुकान आपोआपच बंद पडलं. कादिरभाईंना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "पोरगा बरा होता. चुकीच्या जागेत पडला."

मी निवृत्त होऊन पोलादपूरला मुलीकडे राहायला आलो. गुडघे कुरकुरायला लागले. गेल्या वर्षी गेलो तेव्हा तीन पायऱ्या बघूनच मी चहावाल्याच्या बाकावर बसलो. कादिरभाईच खाली उतरून आले. "चढ की रे." मी म्हटलं, "आता नाही जमत." जरा वेळ गप्पा झाल्या आणि मी गाडी पकडली. त्यानंतर जाऊ जाऊ म्हणताना राहिलंच... मला वाटायचं, माणूस तिथंच तर आहे.

आनशीबायनं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी महाडला गेलो. अस्लम कुवेतहून आला होता. मला पाहून त्यानं दोर सोडला, पायरी खाली आली आणि मी मनाची तयारी करून पाय उचलला. पण पाय सहज टेकला. खाली बघितलं तर तीनच्या चार पायऱ्या झालेल्या. सगळ्यात खाली एक बुटकी, नव्या लाकडाची, तिच्यावर पायांचा एक डागसुद्धा नाही. सायरा आतून म्हणाली, "तुम्ही मागच्या वेळी खालूनच गेलात ना चाचा, त्याच आठवड्यात सुताराला बोलावलं होतं. म्हणाले, साळव्याचे गुडघे गेले. रोज गाडीच्या वेळेला तुमची वाट बघायचे."

मी वर जाऊन तेलाच्या डब्यावर बसलो आणि पोटभर रडलो. अस्लमनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मग फ्रेममधल्या कागदाकडे बघत म्हणाला, "चाचा, दुकान चालवावं म्हणतो. पण ही चौथी पायरी नऊ इंच पुढं गेलीय. परवानगी अडीच फुटांचीच हाय. नोटीस आली तर?"

"येऊ दे," मी म्हटलं. "उत्तर मी लिहितो. आता पलीकडून लिहायला मी नाही."