बद्रीनाथ सरांचे नऊ लेखक

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५. नळाला पाणी नाही, सहावा दिवस. द्वारकाबाई भांड्यांना अर्धा तास उशिरा आली. कारण विचारलं नाही. दुपारी वरचे बद्रीनाथ सर इंग्रजी तपासायला लेख देऊन गेले. लेख आठ पानांचा, लेखक नऊ.

बद्रीनाथ सर सहा वर्षांपासून माझ्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. एका खासगी संस्थेच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. गाव देवगाव रंगारी. माणूस इतका भिडस्त, की रिक्षावाल्यानं चुकीच्या गल्लीत सोडलं तर त्याचे आभार मानून उरलेलं अंतर चालत येतात. भाजीवालीनं एकदा आग्रहानं मुळा दिला, तर आठवडाभर मुळाच खात होते. माझं शिक्षण नन्सच्या शाळेत झालं, त्यामुळे त्यांच्या इंग्रजीची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली.

त्यांची प्रमोशनची फाईल एका लेखासाठी अडली होती. एकतीस मार्चच्या आत चांगल्या नियतकालिकानं लेख स्वीकारला पाहिजे, नाहीतर फाईल पुढच्या वर्षावर. पैसे भरले की चार दिवसांत काहीही छापणारी नियतकालिकं असतात. सहकाऱ्यांनी त्यांचे पत्तेही दिले होते. सरांनी पत्ते घेतले, आभार मानले आणि वापरले नाहीत. कारण त्यांचा लेख खरा होता. देवगावला त्यांच्या विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे, तिच्यावर सुगरण पक्षी घरटी बांधतात. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन आत डोकावते आणि पसंत पडलं नाही तर निघून जाते. तो बिचारा दुसरं विणायला घेतो. अशी किती घरटी अर्धवट राहतात आणि केव्हा, याच्या दोन पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी लेखात होत्या. पक्ष्यांवरच्या एका जुन्या नियतकालिकाला त्यांनी तो डिसेंबरात पाठवला होता. आता तिकडून काही प्रश्न आणि एक फॉर्म आला होता. उत्तरं पटली तर लेख स्वीकारणार होते.

मी लेखकांची नावं वाचली. पहिलं नाव संस्थेच्या दिवंगत संस्थापकांचं. मग अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख, अध्यक्षांच्या सूनबाई, सरांचे मामा, हेडक्लार्क पुंडलिकराव. सगळ्यात खाली, निमंत्रक असावेत तसे, बद्रीनाथ सर.

ही लग्नपत्रिका आहे का, असं मी विचारलं. त्यांना त्यात काही विनोद दिसला नाही.

"तसंच केलंय काकू. पत्रिकेत एक नाव राहिलं तर माणूस दहा वर्षं बोलत नाय."

फॉर्म मात्र पत्रिकेसारखा नव्हता. प्रत्येक लेखकानं नेमकं काय काम केलं ते लिहायचं. आपण लेख वाचला आहे आणि त्यातल्या प्रत्येक आकड्याबद्दल उत्तर द्यायला बांधील आहोत, अशी ज्याची त्यानं सही करायची. मी चष्मा लावला आणि आम्ही वरून सुरुवात केली.

संस्थापकांनी काय केलं?

"ते वारले ना. अठ्ठ्याण्णव साली."

मग लेख वाचला कधी, असं विचारल्यावर सरांनी पुढच्या नावावर बोट ठेवलं. पुढे अध्यक्ष. त्यांनी इमारत बांधली. घरटी इमारतीत आहेत का? नाहीत. प्राचार्यांनी दोन दिवसांची रजा मंजूर केली होती. सूनबाईंना पीएच.डी. करायची आहे. मामांनी मोटरसायकल दिली होती. पुंडलिकरावांनी लेख टाईप केला, म्हणजे आठ जणांत निदान एकाचा हात कागदाला लागला होता. मी सगळं पेन्सिलीनं लिहून घेतलं आणि विचारलं, दोन पावसाळे रोज सकाळी घरटी मोजली कुणी? तुम्ही तर इथं असता.

"आत्यानं," सर म्हणाले. "चतुराआत्या. ती रोज विहिरीवर जाते ना."

त्यांचं नाव?

"घरचीच आहे काकू. ती कशाला रुसतीय."

दुसरा प्रश्न त्याहून अवघड निघाला. नियतकालिकाकडून लेख तपासणाऱ्याने विचारलं होतं, की गेल्या ऑगस्टच्या शेवटी त्या भागात वादळी पाऊस झाल्याची नोंद आहे. तरी तुमच्या तक्त्यात ओळीनं अकरा दिवस रोज चौदाच घरटी कशी? सरांनी आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहिलं. शेवटी सांगून टाकलं. आत्याकडून त्या अकरा दिवसांचे आकडे आलेच नव्हते. तक्त्यात रिकामी घरं बरी दिसेनात, म्हणून मागच्यापुढच्या दिवसांची सरासरी काढून त्यांनी भरली होती. त्यांच्या मनात खोटेपणा नव्हता. पंगतीत पान रिकामं दिसलं की आपण वाढून मोकळे होतो, तसं त्यांनी केलं होतं.

माझ्या डायरीत २०११ सालचे चार दिवस कोरे आहेत. आमचे हे तेव्हा शेवटचे दवाखान्यात होते. ते दिवस मागाहून भरून काढावेत असं मला कधी वाटलं नाही. सरांना मी एवढंच सांगितलं, की आधी आत्यांना विचारा आणि मलाही घेऊन चला.

रविवारी भाड्याच्या गाडीतून देवगावला गेलो. चतुराबाई सत्तरीच्या असतील. आम्हाला बघताच त्यांनी सरांना बोलणं सुरू केलं, कारण म्हाताऱ्या बाईला उन्हाचं आणलं होतं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे हे सांगितल्यावर त्या माझ्याशी आदराने बोलू लागल्या आणि सरांचा आवाज आणखी लहान झाला.

नोंदी गोठ्याच्या भिंतीवर होत्या. एका दिवसाची एक ओळ, चुन्याचे ठिपके, एक घरटं एक ठिपका. अर्धवट सोडलेल्या घरट्याच्या ठिपक्याभोवती गोल. सरांनी महिन्याला येऊन मोबाईलवर फोटो काढायचे, एवढीच पद्धत. ऑगस्टच्या जागी मात्र अकरा ओळींवर चुना नव्हता, प्रत्येक ओळीला शेणाचा एक डाग लावलेला होता. फोटोत तो डाग सरांना भिंतीचाच भाग वाटला होता.

"हे काय, आत्या?"

"मी नव्हते तवा. सोयगावला गेलते, नातीच्या बाळंतपणाला."

"मग अंदाजानं मांडायचं ना. रोज चौदाच तर असत्यात."

चतुराबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली असावी.

"बघितलं नाय ते कसं मांडू? तू शिकलेला ना रं बाबा?"

सरांनी मोबाईल काढून त्या अकरा डागांचे फोटो घेतले. मग त्यांनी आत्याला लेखात नाव घालण्याबद्दल विचारलं. छापून आल्यावर कोण वाचणार, असं चतुराबाईंनी विचारलं. शंभरेक जण, तेही बाहेरचे. त्यातलं कुणी विहिरीवर येणार नसेल तर घाला, म्हणाल्या. पाखरांना तरास होतो. मी बाजेवर बसून अख्खा लेख मराठीत वाचून दाखवला. त्यांनी दोन चुका काढल्या. बाभूळ आपल्या बांधावर नसून शेजाऱ्याच्या बांधावर आहे, फक्त वाकली आपल्याकडे आहे. आणि मादी घरटं बघायला सकाळीच येते असं नाही, दुपारीही येते, "तुम्ही जेवायला बसता तवा." मग त्यांनी फॉर्मवर अंगठा दिला.

राहता राहिली वरची आठ नावं. फाईलवर शेवटची सही अध्यक्षांचीच लागते, त्यामुळे सर दोन दिवस जेवले नाहीत. मी सुचवलं, नाव काढायला सांगूच नका. फक्त फॉर्म घेऊन जा आणि सही मागा.

अध्यक्षांनी फॉर्म वाचला. प्रत्येक आकड्याबद्दल उत्तर देण्यास बांधील, या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. उद्या कुणी दिल्लीहून विचारलं तर सुगरणीबद्दल मी बोलायचं का, असं ते म्हणाले, आणि संस्थापक वडिलांसकट स्वतःचं व सूनबाईंचं नाव खोडून टाकलं. सचिवांनी अध्यक्षांची काट बघून आपल्या नावावरही काट मारली. प्राचार्यांना निवृत्तीला चार महिने राहिलेत. त्यांनी फॉर्मला हातच लावला नाही. विभागप्रमुखांनी तो आधी वकिलाला दाखवतो म्हणून ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. मामा म्हणाले, नाव नको, हवं तर मोटरसायकल परत केलीस तरी चालेल. तेवढे पुंडलिकराव नाराज झाले, कारण त्यांनी सासुरवाडीला आधीच कळवलं होतं. त्यांचं नाव आभारात घेतलं, टंकलेखनासाठी. ते खरंच होतं.

अकरा दिवस कोरे ठेवून सगळे आकडे नव्याने मांडावे लागले. आधीचे का भरले होते, हे सरांनी संपादकांना स्वतःच्या शब्दांत लिहिलं. त्या पत्राचं इंग्रजी मी तपासलं नाही. तिकडून आणखी दोनदा प्रश्न आले. शेवटी लेख स्वीकारल्याचं पत्र आलं ते ९ एप्रिलला. फाईल पुढच्या वर्षावर गेली.

सर पत्र घेऊन खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मला काही कळेना. प्रमोशन गेलं ना, असं मी विचारलं.

"गेलं काकू," ते म्हणाले. "पण आत्याला फोन केला. ती म्हणाली, ह्या वर्षी सोयगावला जायचं असलं तर आधी सांगीन, तू येऊन मोज."

जूनपासून दर शनिवारी जाणार आहेत, पेढे ठेवता ठेवता म्हणाले. मी एक पेढा घेतला.

संध्याकाळी डायरीत लिहिलं: नवा माठ धुऊन भरला. बुडाशी पाझरतो, खाली पितळी परात ठेवली. किती पाझरतो ते उद्या बघून लिहीन.