हातांची आग

वर्षाच्या तिखटाची मिरची नंदुरबारहून आली की म्हसावदच्या आमच्या घरी ओसरीवर पोतं उलटं करून आम्ही देठं खुडायला बसतो. शेजारणी मदतीला येतात, मग आम्ही त्यांच्याकडे जातो. या कामात पूर्वी माझा हात धरणारं कोणी नव्हतं. आता माझी धाकटी जाऊ पुढे असते आणि ते मला बघवत नाही. खरं आहे ते सांगते.

मला बारा वर्षांपासून संधिवात आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच आपल्या अंगावर उलटते, त्या जातीचा. आधी त्याने बोटांचे सांधे धरले, मग नसा. मुंग्या आल्या, त्या गेल्या आणि बधिरपणा राहिला. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "टोचतंय?" मी म्हटलं, "आधी टोचा तरी!" त्यांचं चार वेळा टाचणी टोचून झालं होतं. यापुढे भाजलं, कापलं तरी हातांना कळणार नाही, डोळ्यांनी बघून काम करा, असं त्यांनी बजावलं.

जावेचे हात मात्र ठणठणीत. दोन वर्षांची नात माझ्या मुलाची, पण असते सदा तिच्या कडेवर. मी उचललं की माझी पकड कुठे सैल आहे ते मला समजत नाही, पोरीला बरोबर समजतं. ती हात पसरते ते तिकडेच. माझा नुसता जळफळाट होतो.

यंदा तासाभरात सगळ्यांचे हात भगभगायला लागले. एकेक जण उठून हात धुऊन, तेल चोळून आली. जाऊ बोटांवर फुंकर घालत होती. मी हललेसुद्धा नाही.

"तुमनं तं बरं शे माय, आग नही का काही नही," शेजारीण म्हणाली.

"ताई, पुरं करा आते," जाऊ म्हणाली.

"मले काहीज व्हस नही. तू ऊठ, तेल लाव," मी ऐटीत म्हटलं आणि तिच्या वाटणीचा ढीगही पुढ्यात ओढला. खरं तर त्यांच्या कुरकुरीचाही मला हेवा वाटत होता. कुरकुरायला हातांत काहीतरी शिल्लक लागतं.

ढीग संपला. तेवढ्यात झोपेतून उठलेली नात रडत बाहेर आली. जाऊ मोरीवर होती, म्हणून असेल, पण ती माझ्याकडे आली. माझ्या मांडीत! मी हरखून गेले. पदराला हात पुसले आणि अंगठ्याने तिच्या डोळ्यांतलं पाणी टिपलं.

ती किंचाळली, तेव्हा मला माझे हात आठवले. पूर्वी आगच मला उठवून हात धुवायला पाठवायची. आता उठवणारं कोणी नव्हतं.

जाऊ धावत आली. तिने पोरीला उचललं, मोरीत नेऊन डोळ्यांवर कितीतरी वेळ पाणी सोडलं. पोर शांत झाली ती तिच्या खांद्यावर. "मन्हीज चूक शे, ताई. तुमले हात धुवाले सांगाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. चांगुलपणातही तीच पुढे!

मी मोरीवर साबणाने तीनदा हात धुतले. धुतल्यावर स्वच्छ झाले की नाही ते कुणाला विचारायचं? जावेला विचारायला जीभ रेटेना. मग मी बोट जिभेवर ठेवलं. जीभ भाजली. पुन्हा धुतले, पुन्हा चाखले. शेवटी नुसती साबणाची चव आली.

आता मिरचीला हात लागला की नातीला घेण्याआधी मी आडोशाला जाऊन दाही बोटं चाटून बघते. जावेला वाटतं, मी पोरीला घ्यायला घाबरते.